रामटेके बाईंचे जोड

चिमूरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात विभागाचा कॅमेरा मागितला. तो आला काचेच्या बरणीत बसून. रसायनाच्या प्रयोगशाळेत पदार्थांना ओल लागू नये म्हणून वापरतात ती जाड, बुटकी बरणी. खाली निळे खडे, त्यावर जाळी आणि जाळीवर कॅमेरा. बरणी पोटाशी धरून एक लहानखुऱ्या बाई आल्या. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, झाकण वर न उचलता अलगद बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "याले सर्दी होते मॅडम. पावसाळ्यात उघडा ठेवला का भिंगात बुरशी धरते."

ते खडे ओल पिऊन गुलाबी झाले की बाई पत्र्याच्या डब्यात घालून प्रयोगशाळेच्या बर्नरवर शेंगदाण्यांसारखे भाजत. निळे झाले की पुन्हा बरणीत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रसायनाच्या सरांना वर्षानुवर्षं खडे भाजताना पाहून त्यांनी ते कॅमेऱ्याला लागू केलं होतं.

रामटेके बाई आमच्या विभागाच्या परिचर. त्यांचे यजमान याच कॉलेजात शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी बाई लागल्या. शिक्षण दहावी. विभागानं वाळवलेल्या नमुन्यांचे फोटो काढायला कॅमेरा घेतला, प्राध्यापकांनी तो दोनेक महिने वापरला आणि कंटाळून कपाटात टाकला. कपाटाची किल्ली बाईंकडे होती. पुढं काय झालं असेल ते त्यांना एकदा पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

गंमत अशी की कॅमेऱ्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव अडकायचा तो कॅमेऱ्याला लावायच्या, त्याच्याखाली ठेवायच्या, त्याच्यासमोर धरायच्या वस्तूंत. अशा प्रत्येक वस्तूला त्या 'जोड' म्हणत. डाव्या मनगटावर बांगड्यांच्या वर सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरं असत. पर्समध्ये काळा दोरा, सेफ्टी पिना, बटर पेपर, एक गोल आरसा. बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर त्या अशा थबकायच्या की दुकानदाराला वाटावं, संसार मांडायला निघाल्यात. त्या पाहत असायच्या ते फक्त एखाद्या डब्याच्या झाकणाचा व्यास.

ताडोबा आमच्यापासून जवळ. हंगामात तोफेसारखी भिंगं घेऊन माणसं चिमूरवरून जायची. बाईंना मी एकदा विचारलं, तुम्हाला नाही का वाघाचा फोटो काढावासा वाटत? त्या अगदी सरळ म्हणाल्या, "वाघाले काढाले अख्खी दुनिया येऊन राह्यली. त्याच्या पायाखालच्या गवताले कोन काढन?"

मी साताऱ्याकडची. पहिले काही महिने मला त्यांची भाषा निम्मी कळायची आणि त्यांचं काम अजिबात कळायचं नाही. सहलीला निघताना त्यांनी लाखोळीच्या डाळीनं भरलेली एक जाड कापडी उशी घेतली तेव्हा मला वाटलं, मान दुखत असेल. ती उशी कॅमेऱ्याची होती. बांधावर, दगडावर, जीपच्या दारावर टाकली आणि वर कॅमेरा दाबून बसवला की तो अंगणातल्या पाट्यासारखा स्थिर. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी तिची शिवण उसवली, डाळ निवडली, धुतली आणि सगळ्यांना वरण करून घातलं. मुलांनी ते अंमळ जास्तच कौतुकानं खाल्लं.

पण मला खरा धक्का दिला तो त्यांच्या उलट्या भिंगानं.

विभागात एक बंद पडलेला, रोलचा जुना कॅमेरा होता. बाईंनी त्याचं भिंग काढलं, नव्या कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला गोल भोक पाडलं, त्यात एक रिंग चिकटवली आणि तिच्यावर ते भिंग उलटं बसवलं. पुढची बाजू आत, मागची बाहेर. मी म्हणाले की हे काही चालणार नाही. बाई म्हणाल्या, "दुर्बीन उलटी धरली का जवळचं दूर जाते ना? मंग हे सुलटं काऊन होनार नाई?" त्यांचं शास्त्र थोडं इकडचं तिकडं असेल, पण भिंग चाललं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. धानाच्या बांधावर, ओलसर मुरमाड जागेत, रुपयाएवढं लालसर रोपटं. नाव दवबिंदू. कीटक खाणारं हे झाड मी पुस्तकात दहा वेळा शिकवलं होतं, बांधावर मात्र त्याच्यावर पाय देऊन पुढं गेले असते. बाई पोटावर झोपल्या. पिशवीतून त्यांनी घडी केलेली पांढरी साडी काढली. विहारात नेसायची साडी. ती दोन विद्यार्थिनींना रोपाच्या वर ताणून धरायला सांगितली. ऊन गाळून आल्यासारखं मऊ झालं. उलट्या भिंगाला जवळ-लांब करायची सोय नसते, आपणच केसाएवढं पुढंमागं सरकायचं. बाईंनी श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर जे उमटलं ते पाहायला मी चिखलात गुडघे टेकले. लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेला चिलटाएवढा किडा, त्याच्या पंखांच्या शिरांसकट. थेंबात वरची पांढरी साडीसुद्धा दिसत होती. मुलं एकमेकांना ढकलत पाहू लागली. विभागप्रमुख सर पंचवीस वर्षं हेच झाड शिकवत होते. ते कॅमेरा हातात घेऊन मुलांना म्हणाले की मी आजवर तुम्हाला काढून दाखवलेली आकृती विसरा.

त्यानंतर बाईंच्या जोडांना विभागात मान आला. कुणी कुठून परत आलं की बाईंसाठी झाकणं, नळ्या, काचा घेऊन येई.

मार्कंड्याच्या देवळातली गोष्ट तर आमच्या कॉलेजात अजून सांगतात. सहल परतताना वाटेत देवळाला थांबलो होतो. आतल्या अंधाऱ्या बाजूला एक नर्तकी कोरलेली आहे. तिच्या पायातल्या दागिन्याचा फोटो बाईंना हवा होता. उजेड कमी, हात स्थिर राहणार नाही. एका विद्यार्थ्यानं तीन पायांचा स्टँड उघडताच पहारेकरी आला. स्टँड लावायला परवानगी लागते म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. बाईंनी वाद घातला नाही. पर्समधून एक बोल्ट काढला, त्याला सुतळी बांधलेली होती. बोल्ट कॅमेऱ्याच्या बुडाला फिरवून बसवला, सुतळीचं दुसरं टोक चपलेखाली दाबलं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ केली. ताणलेल्या सुतळीमुळं कॅमेरा वरखाली हलेना. पहारेकऱ्यानं सुतळीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? सुतळी आहे, बाई म्हणाल्या. स्टँडची परवानगी लागते, सुतळीची लागते का हे त्यालाही सांगता येईना. तो हसला. पाच मिनिटांनी तोच पहारेकरी दारात उभा राहून, बाईंचा गोल आरसा हातात धरून, बाहेरचं ऊन नर्तकीच्या पायावर पाडत होता आणि बाई त्याला सांगत होत्या, "भाऊ, जरा डावीकडे. उजेड आधी बसू द्या, बटन कुठी पळून नाई चाललं."

पण रामटेके बाई म्हटलं की मला आधी आठवतात त्या मैनाबाई उसेंडींच्या घरातल्या.

एका उन्हाळ्यात मी आणि बाई गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पलीकडच्या एका लहान गावात रानातल्या औषधी झाडांची नोंद करायला गेलो होतो. आम्हाला झाडं दाखवायच्या त्या मैनाबाई. साठी ओलांडलेल्या, गोंड कुटुंबातल्या. रानात त्या पुढं आणि आम्ही धापा टाकत मागं. चार दिवसांत त्यांनी बाईंचे सगळे जोड निरखून पाहिले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी घरातून फडक्यात गुंडाळलेली एक तसबीर आणली.

तसबिरीत त्यांची मुलगी होती, सगुणा. नऊ वर्षांची असताना तापानं गेली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्याच वर्षी मार्कंड्याच्या जत्रेत काढलेला हा तिचा एकुलता एक फोटो. छपरातून पाणी गळून फोटो काचेला चिकटला होता. मधे कुणीतरी तो सोडवायला गेलं तर एका कानाचा रंग काचेवर राहिला. तेव्हापासून मैनाबाईंनी तसबीर कुणाच्या हाती दिली नव्हती. कडेनं बुरशी आत सरकत होती. काचेवर इतके ओरखडे, आणि आतला फोटो इतका फुगलेला, की कसाही धरला तरी चमक दिसायची, मुलगी नाही.

मैनाबाई म्हणाल्या, "अजून एक पावसाळा आला का थे पोरगी पुरी जाते."

बाईंकडं भिंगावर बसवून फिरवायची एक काच होती. काठाचा टवका उडाला म्हणून ताडोब्याला आलेल्या कुणा पाहुण्यानं देऊन टाकलेली. ती फिरवली की पाण्यावरची चमक जाते आणि तळाचे मासे दिसतात, हे मी पाहिलं होतं. बाईंनी ती लावली, तसबीर अंगणात ठेवली, सावलीत ठेवली, उभी केली, आडवी केली. एका बाजूची चमक जाई तोवर दुसऱ्या बाजूची उठे. फुगलेल्या फोटोची प्रत्येक सुरकुती आपापलं ऊन परतवत होती. दोन तासांनी त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. तसबीर चिमूरला न्यायची का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारायचं नसतं हे त्यांना कळत होतं. पावसाच्या आधी पुन्हा येते, एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्या ती काच डोळ्यापाशी धरून खिडकीवर फिरवत बसल्या.

तिसऱ्या दिवशी मी कार्यालयात काही कागद लिहीत बसले होते. बाई जवळजवळ पळत आल्या आणि मला ओढत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. टेबलावर प्रात्यक्षिकाच्या पेटीतल्या दोन करड्या चकत्या होत्या. बाईंनी एकीवर दुसरी ठेवली आणि खिडकीकडं धरून फिरवली. उजेड कमी होत होत पार काळोख झाला. अजून फिरवली, पुन्हा उजेड.

"मॅडम, आपन चमक भिंगापाशी थांबवून राह्यलो होतो," बाई म्हणाल्या. "थे निंगते तिथीच बांधाले पायजे. एक काच भिंगाले आन् एकएक बत्तीले."

म्हणजे उजेड एका चकतीतून गाळून, एकाच वळणाचा करून, तसबिरीवर टाकायचा. काचेवरून जी चमक परत येईल ती त्याच वळणाची असेल. भिंगावरची काच आडवी फिरवली की ती आत शिरणार नाही. फोटोच्या कागदात मुरून परत येणारा उजेड मात्र वळण मोडून येतो, तो शिरेल. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि तीन दिवसांत मला सुचलं नव्हतं.

त्यांनी सराव केला तो प्राचार्यांच्या खोलीतल्या सत्काराच्या तसबिरीवर. ट्यूबलाइटची पट्टी त्या काचेवर कायम पडलेली असायची. बाईंनी पडदे ओढले, दिवे घालवले, चकत्या लावलेल्या दोन बॅटऱ्या दोन बाजूंनी धरल्या आणि प्राचार्यांसमोर काच नाहीशी केली. भौतिकशास्त्राच्या सरांनी चकत्या न्यायला परवानगी दिली. ओरखडा पडू देऊ नका, एवढी त्यांची अट होती. बाईंनी त्या बटर पेपरात गुंडाळल्या आणि दोन्ही चकत्यांच्या काठावर पेनानं एकेक रेघ मारून ठेवली, बॅटरीवर बसवताना दोघींचं तोंड एका दिशेला राहावं म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरून यायला लागलं होतं. गावाआधीचा नाला भरला की वाट बंद होते, म्हणून जीपवाल्यानं आम्हाला दोनच तास दिले. गावात वीज नव्हती. भर दुपारी बाईंनी मैनाबाईंच्या घराचं दार लावून घेतलं, फटींत घोंगडी खोचली. जमिनीवर तसबीर, तिच्यावर विटांच्या दोन चवडींवर आडवी फळी आणि फळीच्या भोकातून खाली पाहणारा कॅमेरा. एक बॅटरी माझ्या हातात, एक मैनाबाईंच्या. चकत्या उजेड पितात, म्हणून आठ सेकंद भिंग उघडं ठेवायचं होतं. तेवढ्या वेळात कुणी हलायचं नाही.

पहिल्यांदा कोंबडी फळीवरून गेली. दुसऱ्यांदा माझाच हात हलला. कॅमेऱ्याच्या बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकायला लागली. बाईंनी भिंगावरची काच हळूहळू फिरवली, फिरवली आणि एका ठिकाणी थांबल्या. "आता," एवढंच म्हणाल्या.

आठ सेकंद आम्ही तिघीही श्वास घेत नव्हतो.

पडद्यावर चमक नव्हती. ओरखडे होते, बुरशीचे डाग होते, एक कान अर्धा होता. पण त्यांच्या मधून एक मुलगी थेट आमच्याकडं पाहत होती. कपाळावर केसांची बट, फ्रॉकच्या गळ्याला दोन बटणं, ओठ दाबून धरलेले, कुणी हसू नको म्हटल्यावर मुलं दाबतात तसे.

मैनाबाईंना एवढ्याशा पडद्यावर नीट दिसेना. बाईंनी चित्र मोठं केलं आणि सरकवत सरकवत दाखवलं. डोळे. नाक. हनुवटी. मग खांदा, आणि खांद्यावर काहीतरी. मला तो डाग वाटला. बाईंनी अजून मोठं केलं. चार बोटं होती. फोटोच्या चौकटीबाहेर उभ्या असलेल्या कुणाचा तरी हात, मनगटापासून पुढं तेवढा आत आलेला. बोटांच्या मागं गोंदणाचे ठिपके, तीन आणि त्यांच्या खाली दोन.

मैनाबाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली. आपला उजवा हात पडद्याशेजारी धरला. कातडी सुरकुतली होती, पण ठिपके तेच. तीन आणि खाली दोन.

"हा हात माया हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांना सगळं आठवत गेलं. जत्रेतल्या फोटोवाल्यानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. पोरगी घाबरून हलायला लागली म्हणून त्यांनी बाजूला होऊनही तिच्या खांद्यावरचा हात काढला नव्हता. फोटो घरी आला तेव्हा त्यांनी मुलीकडंच पाहिलं, कडेला कोण पाहतं. मुलगी गेली, मग काच धुरकटली, मग बुरशी आली. आपला आणि तिचा एकत्र फोटो नाही, असं त्या तीस वर्षं धरून चालल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. दार उघडून त्यांनी शेजारच्या घराला हाक मारली, मग त्याच्या पुढच्या. पंधरा मिनिटांत अंगणात सगळं गाव आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपत आलेली. बाई प्रत्येकाला एकेक नजर दाखवत होत्या आणि बंद करत होत्या, पुन्हा दाखवत होत्या. जीपवाला हॉर्न वाजवत आला, त्यानंही पाहिलं, आणि मग तो घाई करेना.

फोटो छापायला बाई चंद्रपूरला गेल्या. तिथला संगणकावर बसलेला माणूस चांगल्या मनाचा होता. डाग पुसून देतो म्हणाला आणि बाईंनी होकार देईपर्यंत त्यानं कडेचा हातही पुसायला घेतला होता, फोटो स्वच्छ दिसेल म्हणून. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"भाऊ, कान नाई आला तरी चालन," त्या म्हणाल्या. "हातासाठीच तर फोटो आहे."

नाला भरायच्या आत त्या तो फोटो घेऊन एकट्याच गावाला गेल्या. शेवटचा टप्पा ट्रॅक्टरवर. परत आल्या तेव्हा चकत्या भौतिकशास्त्राच्या पेटीत ठेवून त्यांनी वहीत सही केली आणि माझ्या टेबलावर मोहाच्या वाळलेल्या फुलांची पुडी ठेवली, मैनाबाईंनी माझ्यासाठी दिलेली.

निवृत्तीनंतर बाई कोरपन्याला बहिणीकडं राहायला गेल्या. मधून मधून फोन यायचा. हालहवाल विचारणं नाही, एकदम, मॅडम, चहाच्या गाळणीतून उजेड कसा पडते ते पाहिलं का. गेल्या थंडीत त्यांच्या बहिणीचा फोन आला. छातीत कळ येऊन बाई गेल्या होत्या. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणून माझ्यासाठी त्यांची शेवटची भेट ती चंद्रपूरच्या बसस्टँडवरची.

त्याआधीच्या वर्षी, दुपारी चारचा सुमार. मी चिमूरच्या गाडीतून उतरले आणि समोर कोरपन्याच्या बसच्या खिडकीत बाई. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. "बरं झालं आल्या. हे धरा आधी," म्हणून खिडकीतून एक जुनी दुर्बीण माझ्याकडं सरकवली. दुर्बिणीच्या एका डोळ्यावर मोबाइल बसवलेला, मधे कुकरची जुनी रिंग आणि बाटलीचं कापलेलं बूच. मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. निळ्याशार आभाळात अर्धा चंद्र होता, आणि त्याच्या कडेला खड्डे, एकेक मोजता यावा असा.

माझ्यामागं कंडक्टर बाई येऊन उभी राहिली. तिनं पाहिलं आणि तिकिटाचं मशीन काखेत धरून पुन्हा पाहिलं. दिवसा चंद्र असतो का, तिनं विचारलं. बाईंनी तिला तो साध्या डोळ्यांनी कुठं पाहायचा ते बोटानं दाखवलं. मग ड्रायव्हर उतरून आला. मग मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या, एक भाजीवाला, गणवेशातल्या तीन मुली. कंट्रोलरनं शिट्टी मारली. ड्रायव्हरनं हातानंच दोन मिनिटं म्हणून खुणावलं.

शेवटी घंटा झाली. बाईंनी दुर्बीण आत घेतली, मला मान हलवून निरोप दिला आणि लगेच शेजारणीला काहीतरी समजावून सांगायला लागल्या. बस फाटकातून वळली तेव्हा तिच्या त्या बाजूच्या एकूणएक खिडक्यांतून माना बाहेर आलेल्या होत्या, भर दुपारी, आभाळाकडं.